बाटलीवरचा आकडा

आज सकाळी ३४० बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने आतलं सगळं मारणाऱ्या यंत्रात, घातल्या आणि बटण दाबलं. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. त्यांना बुरशी लागलेली नव्हती, कुठे जिवाणूंचा दुधी थर नव्हता, एक पान पिवळं नव्हतं. केळीचे हिरवेगार झुबके होते, एका बाटलीत पाच-सहा कोंब. आमची लॅब टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या इवल्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याची. तिच्या ग्रोथ रूममध्ये त्या रॅकइतका देखणा रॅक दुसरा नव्हता, आणि गेल्या दहा महिन्यांतली त्यांची बरीचशी कापणी माझ्याच हातची होती.

झालं असं की याच कंदापासून वाढवलेली एक आधीची तुकडी दीड महिन्यापूर्वी नर्सरीत गेली होती. परवा ट्रे चाळताना तिच्यात खुजी रोपं दिसू लागली. पानं आखूड आणि रुंद, देठ एकमेकांना चिकटलेले. आमची मर्यादा शंभरात दोनची आहे. इथे शंभरात सात-आठ निघत होती. ट्रेवरचा कोड पाहून त्या लाइनच्या, म्हणजे त्याच कंदापासून आलेल्या, बाटल्यांपर्यंत पोचायला मला दहा मिनिटं लागली. पुढच्या फेरीच्या, म्हणजे कोंब पुन्हा एकदा कापून वाढवलेल्या, ३४० बाटल्या रॅकवर उभ्या होत्या.

त्या इतक्या लवकर सापडल्या, कारण प्रत्येक बाटलीवर मार्करने चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कंदाचा क्रमांक, तारीख, कापणाऱ्याचं आद्याक्षर आणि फेरीचा आकडा. आम्ही तो सी-१, सी-२ असा लिहितो. नवीन आलेल्या मुलींना मी लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या टेबलासमोर, बसायला शिकवण्याआधी हे लिहायला शिकवते. टिश्यू कल्चर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कोट, काचेच्या बाटल्या आणि बाटलीतलं इवलंसं झाड येतं. माझ्या डोळ्यांपुढे तो आकडा येतो. का, ते सांगायला आधी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात शेतात होते. बाग फळावर असतानाच झाडं हेरून ठेवायची: घड भरलेला, फण्या एकसारख्या, खोड निरोगी. मग त्या झाडांच्या पानांचे नमुने विषाणू तपासणीला पाठवायचे. पर्णगुच्छ, कुकुंबर मोझॅक, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक यांपैकी काहीही निघालं तर झाड कितीही चांगलं असो, ते सोडून द्यायचं. जी उरतात त्यांच्या बुडाशी आलेले, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे मुनवे कंदासकट काढून आणायचे. रुंद पानांचे मुनवे दिसायला मोठे असले तरी घेत नाही.

लॅबमध्ये आलेला मुनवा म्हणजे मातीचा गोळा असतो. आधी नळाखाली धुवायचा, मग सुरीने बाहेरचे पदर सोलत जायचं. एकेक पदर निघतो तसा आतला रंग उजळत जातो, हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पांढरा. दोन बोटं जाडीचा ठोकळा उरला की बुरशीनाशकात बुडवून ठेवायचा, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचा. पुढचं काम लॅमिनारखाली, गाळलेल्या हवेच्या झोतात. चिमटा ज्योतीवर लाल करायचा, निवू द्यायचा, आणि पुन्हा सोलायला घ्यायचं. शेवटी उरतं ते सेंटिमीटरभर टोक. त्याच्या गाभ्यात, कोवळ्या पानांच्या घडीत, एक मिलिमीटरही नसलेला वाढबिंदू असतो. अख्खी केळ तिथून येते.

ब्लेड लागलं की पांढऱ्या गाभ्यावर तांबूस रेघ उमटते आणि पाहता पाहता काळी पडते. कापलेल्या पेशींमधून फिनॉल सुटतात, हवेत काळे पडतात आणि भोवतालच्या मीडियात, म्हणजे कोंब ज्यावर वाढतो त्या खाद्यात, उतरून कोंबालाच मारतात. पहिल्या वर्षी माझे कितीतरी कोंब असे काळे होऊन मेले. उपाय साधे आहेत: कापताना अॅस्कॉर्बिक अॅसिडच्या पाण्यात ठेवणं, पहिले काही दिवस अंधारात ठेवणं, आणि मीडिया काळा झाला की लगेच दुसऱ्या बाटलीत हलवणं. पण त्याहून मोठा उपाय म्हणजे हात. एका फटक्यात स्वच्छ कापणारा हात असेल तर कोंब कमी काळा पडतो. हे कोणी सांगून येत नाही, हजार कोंब कापल्यावर येतं.

कोंब हिरवा झाला, फुगला की त्याला उभा चिरायचा. शेंड्याची मक्तेदारी मोडली की बाजूचे झोपलेले डोळे जागे होतात. एकाचे दोन, तीन, कधी चार. ते वेगळे करायचे, नव्या बाटलीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. ही एक फेरी.

हे डोळे जागे कशाने होतात, याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती इथे सांगतेच. १९०२ मध्ये हाबरलांट नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने पानांच्या सुट्या पेशी द्रावणात वाढवून पाहिल्या. त्याचं म्हणणं होतं की वनस्पतीच्या एका पेशीपासून अख्खं झाड उभं राहू शकेल. पेशी काही आठवडे जगल्या, फुगल्या, पण एकही दुभागली नाही. कल्पना बरोबर होती, पेशींना लागणारा निरोप त्याच्याकडे नव्हता. तो निरोप मिळायला पन्नासेक वर्षं गेली. १९५५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग आणि मिलर यांच्या गटाला हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएपासून कायनेटिन, म्हणजे पेशींना दुभागायला लावणारं द्रव्य, मिळालं. गंमत म्हणजे ताज्या डीएनएचा काही उपयोग होत नव्हता. जुना झालेला किंवा ऑटोक्लेव्हमध्ये तापवलेला डीएनएच पेशी दुभागायला लावत होता. १९५७ मध्ये त्याच दोघांनी दाखवून दिलं की तंबाखूच्या पेशींच्या गोळ्याला सायटोकायनिन (कायनेटिनच्या जातीचं संप्रेरक) जास्त आणि ऑक्सिन (हे दुसरं संप्रेरक) कमी दिलं तर कोंब फुटतात, उलट केलं तर मुळं. आज मी बेंझिल अॅमिनो प्युरिन हे सायटोकायनिन तोलते आणि पुढे मुळं हवी असतात तेव्हा ते बंद करून आयबीए हे ऑक्सिन घालते, तेव्हा याच नियमाने चालत असते.

आणि ज्या मीडियावर हे सगळं चालतं तो १९६२ चा. मुराशिगे हा स्कूगचा विद्यार्थी. तंबाखूच्या पानांचा अर्क मीडियात घातला की वाढ जोरात होते असं त्याला दिसलं होतं, आणि त्या अर्कात कुठलं तरी अज्ञात संप्रेरक असेल अशी आशा होती. निघालं वेगळंच: वाढीचा मोठा भाग अर्कातल्या साध्या क्षारांमुळे होत होता. म्हणून त्यांनी नायट्रेट, अमोनियम, पोटॅश यांचं प्रमाण नव्याने बसवलं. तोच एमएस मीडिया. लिटरला तीस ग्रॅम साखर, सामू ५.८, घट्ट करायला अगार. रोज सकाळी आमच्या मीडिया रूममध्ये अगार शिजल्याचा वास येतो, समुद्रासारखा, किंचित उग्र. रजेवर असले की मला त्या वासाची आठवण येते.

आता आकड्याकडे येते.

समजा प्रत्येक फेरीत एकाचे तीन होतात. आठ फेऱ्यांनंतर एका कोंबाचे ६५६१ कोंब. नववी फेरी केली तर १९६८३. कागदावरचं गणित आहे हे; प्रत्यक्षात काही कुजतात, काही वाढत नाहीत, आणि शहाणी लॅब एका कंदापासून इतकी रोपं काढतही नाही. पण मोह कुठे असतो ते या दोन आकड्यांत दिसतं. सुरुवातीची सगळी मेहनत, शेतात फिरणं, तपासण्या, सोलणं, काळे पडलेले कोंब, हे सगळं करून झालेलं असतं. आणखी फक्त एक फेरी, आणि रोपं तिप्पट.

त्या एका फेरीत काय जातं ते बाटलीत दिसत नाही. सायटोकायनिनच्या माऱ्याखाली पेशी सतत दुभागत राहतात, आणि दर फेरीला त्यांतल्या काहींमध्ये बदल साठत जातात. कधी गुणसूत्रांत, कधी जनुकं चालू-बंद होण्याच्या पद्धतीत. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये याला सोमाक्लोनल व्हेरिएशन हे नाव दिलं. कॅव्हेंडिश गटातल्या केळीत त्याचं सर्वांत नेहमीचं रूप म्हणजे खुजेपणा. बाटलीत सगळेच कोंब बुटके असतात. कोण खुजं निघणार हे तिथे उघड्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

माझी पहिली नोकरी ज्या लॅबमध्ये होती तिचं नाव मी लिहिणार नाही. दुसऱ्या वर्षी लागवडीचा हंगाम जवळ आला आणि मागणी आमच्याकडच्या बाटल्यांच्या दुपटीला गेली. वरून सांगण्यात आलं, एक फेरी वाढवा. मग आणखी एक. आणि बाटल्यांवर सी-८ च राहू दे. मार्कर माझ्या हातात होता. मी चोवीस वर्षांची होते, नोकरी जाईल ही भीती खरी होती, आणि कोंब इतके निरोगी दिसत होते की यांना काय होणार असंही वाटलं होतं. दहाव्या फेरीच्या बाटल्यांवर मी आठाचा आकडा लिहिला. किती बाटल्यांवर ते मोजलं नाही.

साधारण दीड वर्षाने एका शेतकऱ्याची तक्रार आली आणि पाहणीला मला पाठवलं. बागेत शिरल्या शिरल्या कळलं. डोक्याच्या वर गेलेल्या केळींमध्ये मधे मधे छातीएवढी झाडं होती, पानं दाटीने एकावर एक बसलेली. निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू झाली होती. उंच झाडांचे घड मोकळे लोंबत होते, खुज्यांचे पोग्याच्या, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीच्या, घशात अडकून वाकडे फुटत होते. काकूंनी प्रत्येक खुज्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवली होती. आम्ही मोजत गेलो. सहांत एक.

काका माझ्या मागून चालत होते. ते रागावतील याची तयारी करून मी गेले होते. ते म्हणाले, "पोरी, मला एक सांग. या ओळींना पाणी कमी पडलं का? ठिबकच्या नळ्या मी दोनदा बदलल्या. खतही बदलून पाहिलं." वर्षभर तो माणूस स्वतःत चूक शोधत होता. मी तिथे उभी राहून "बघते काका" एवढंच म्हणू शकले. परत येताना गाडीत बसवेना.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून त्यांच्याकडे गेले आणि फेऱ्यांचं सगळं सांगितलं, आकडा मी लिहिला होता हेही. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाण्याचा दोष नव्हता." काकूंनी चहा ठेवला. मी तो कसा प्यायले मला आठवत नाही. तीन महिन्यांनी ती नोकरी सोडली. भरपाई मिळाली की नाही हे विचारायला नंतर दोनदा फोन केला. थोडी मिळाली होती, झालेल्या नुकसानीच्या मानाने फारच थोडी.

म्हणून आता ज्या लॅबमध्ये मी आहे तिथे रुजू होताना एकच अट घातली होती. केळीच्या लाइन आठव्या फेरीला थांबणार, आणि आकडा कोणाच्याही सांगण्यावरून बदलणार नाही. ती पाळली गेली आहे. आजच्या ३४० बाटल्या सातव्या फेरीतल्या होत्या, म्हणजे मर्यादेच्या आतच. आकडा कमी असला म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही. काही कंद मुळातच चंचल निघतात, आणि ते कळायला नर्सरीतलं रोप बघावंच लागतं.

नर्सरीतला हा टप्पा लोकांना किरकोळ वाटतो. माझ्या मते निम्मं टिश्यू कल्चर तिथेच आहे. बाटलीतलं झाड साखरेवर वाढलेलं असतं. शंभर टक्के आर्द्रतेत राहिल्यामुळे त्याच्या पानांवर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि पर्णरंध्रं धड मिटत नाहीत. तसंच बाहेर आणून ठेवलं तर तासाभरात माना टाकतं. म्हणून आधी मुळांना चिकटलेला अगार कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायचा, कणभरही राहता कामा नये, कारण त्यातल्या साखरेवर बुरशी येते. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये, वरून प्लॅस्टिकचा बोगदा, आत दमट हवा. आठवड्याने बोगद्याची कड थोडी उचलायची, मग आणखी थोडी. नवीन पान येतं ते बाहेरच्या हवेत तयार झालेलं असतं, जरा जाड, जरा निबर. चार ते सहा आठवड्यांनी पिशवीत, शेडनेटखाली. आणि या दोन्ही ठिकाणी चाळणी. खुजी, पानांवर पांढऱ्या-पिवळ्या रेघा असलेली, पानाची कड चुरगळलेली, अशी रोपं बाहेर काढायची. आमच्याकडे हे काम करणाऱ्या मावशी शाळा चौथीपर्यंतच शिकल्या आहेत. परवाची खुजी रोपं पहिल्यांदा त्यांनीच दाखवली. मी तो ट्रे दोनदा पाहून पुढे गेले होते.

नर्सरीवर येणारे लोक बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "ताई, ही टिश्यूची रोपं आहेत म्हणजे रोग येणार नाही ना?" मी प्रत्येकाला बसवून सांगते. रोप रोगमुक्त आहे याचा अर्थ ते इथून निघताना आपल्याबरोबर रोग घेऊन निघत नाही. शेतात गेल्यावर शेजारच्या बागेतला मावा त्याच्यावर बसला तर विषाणू त्यालाही होणार. मातीत मर रोगाची बुरशी असेल तर ती त्याच्या मुळांतही शिरणार, आणि सुरुवातीला ही कोवळी मुळं मुनव्यापेक्षा नाजूकच असतात. जनुकं बदललेलं झाड आहे का, असंही विचारतात. नाही. जे झाड शेतात होतं त्याचीच ही नक्कल.

नक्कल म्हटलं की मला एक काळजीही वाटते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खायच्या केळीला बी नसतं, ती पिढ्यान् पिढ्या मुनव्यांवरच वाढत आली. ग्रो मिशेल हा वाण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्यातीच्या बाजारावर राज्य करत होता. पनामा मर रोगाने मध्य अमेरिकेतले त्याचे मळे साफ केले आणि त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. आमच्यासारख्या लॅब लाखो एकसारखी रोपं बाहेर पाठवतात तेव्हा दोष असला तर तोही एकसारखाच पसरतो. यावर माझ्याकडे एवढंच आहे की एका कंदावर सगळा भार टाकायचा नाही. वीस-पंचवीस वेगवेगळ्या झाडांपासून सुरुवात करायची, प्रत्येकाची लाइन वेगळी ठेवायची, एकीत खोट निघाली तर ती एकटी काढता यावी.

केळीवरच इतकं लिहिलं, कारण माझा हात तिच्यावर बसलेला आहे. अननस आणि स्ट्रॉबेरी बाटलीत खुशीने वाढतात. खजुराचं महत्त्व वेगळं: बी लावलं तर सुमारे निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला फुलोरा येईपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं, बुडाशी येणारी पिलं झाडाला आयुष्यात मोजकीच. तिथे टिश्यू कल्चरने मोठी सोय झाली. सफरचंदात बऱ्याचदा फक्त खुंट बाटलीत वाढवतात, वरच्या जातीचं कलम नेहमीच्या पद्धतीने बांधतात. आंबा मात्र फार हट्टी. मोठ्या, फळ देणाऱ्या झाडाचा कोंब घेतला की तो फिनॉलने काळाठिक्कर पडतो. मी सुट्टीच्या दिवशी येऊन तीन हंगाम प्रयत्न केले. एक कोंब सात आठवडे हिरवा राहिला होता. त्याचा फोटो अजून माझ्या टेबलावर आहे.

रोपं घ्यायला जाणार असाल तर नुसतं हिरवंगार बघून घेऊ नका. कितव्या फेरीचं आहे ते विचारा. मूळ झाडाच्या विषाणू तपासणीचा कागद मागा. एका ट्रेमध्ये उंची सारखी आहे का ते वरून न पाहता बसून, बाजूने पाहा. पिशवी फाडून एका रोपाची मुळं दाखवायला सांगा. पांढरी, फुटवे फुटलेली हवीत. आणि किती रोपं चाळून काढली ते विचारा. "एकही नाही" असं उत्तर आलं तर मी तिथून रोपं घेणार नाही.

दुपारी ऑटोक्लेव्ह उघडला. शिजलेल्या पाल्याचा वास आला, बाटल्यांत सगळं मऊ आणि तपकिरी झालेलं. काचा धुवायला गेल्या. ज्यांना ही रोपं जायची होती त्या दादांना फोन करून खरं कारण सांगितलं. त्यांनी जमीन तयार करून ठेवली होती. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मग कधी?" नव्या कंदापासून सुरुवात, म्हणजे वर्ष तर जाणार. या हंगामात दुसरं पीक घ्या असं मी सुचवलं. ते विचार करून कळवतो म्हणालेत.

मागच्या आठवड्यात आणलेल्या चोवीस मुनव्यांपैकी नऊ बाटल्यांत बुरशी आली आणि चार कोंब काळे पडलेत. अकरा हिरवे आहेत. त्यांच्यावर सी-० लिहिलंय. सोमवारी त्यांचा मीडिया बदलायचा आहे.